खुर्ची घ्यायला जाताना मापाची टेप बरोबर न्या

माझी पाठ गेली ती २०२० च्या दिवाळीच्या जरा आधी. मार्चमध्ये लॉकडाऊनमुळे ऑफिस घरी आलं आणि पुण्यातल्या आमच्या धायरीच्या घरात टेबल म्हणजे डायनिंग टेबल आणि खुर्ची म्हणजे त्याच सेटमधली लाकडी, ताठ पाठीची, तिच्यावर रोज आठ-नऊ तास, सॉफ्टवेअरचं रिलीज असलं की अकरा. सुरुवातीला संध्याकाळी नुसती कंबर धरायची, गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं की बरं वाटायचं म्हणून मीही दुर्लक्ष केलं. मग एका सकाळी बेसिनपाशी तोंड धुवायला वाकले आणि अशी उसण भरली की तशीच बेसिनला धरून उभी राहिले, सरळ होता येईना, हाक मारायला श्वास घेतला तरी कळ यायची. एमआरआय झाला, एल४-एल५ मधली, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी थोडी सरकलीये असं डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही पण बसणं बदला.

मग मी काय केलं, तर घाबरून दोन दिवस रिव्ह्यू वाचले आणि ऑनलाइन १४ हजारांची खुर्ची मागवली. उंच पाठ, मानेला उशी, कंबरेला उशी, रेसिंग कारसारखी. आठवडा झाला तरी दुखणं होतं तिथेच आणि वर मांड्यांच्या मागे मुंग्या यायला लागल्या. परत घ्या म्हटलं तर जोडलेली खुर्ची परत घेत नाही म्हणाले, विषय संपला.

माझी आई ब्लाउज शिवते, पुण्यातच पद्मावती भागात, तीसेक वर्षं झाली. ती आली होती तेव्हा तिने मला त्या खुर्चीत बसलेलं बाजूने पाहिलं आणि विचारलं, "माप घेतलं होतंस का गं?" मी म्हटलं साइटवर सगळी मापं दिलीयेत की खुर्चीची. तर म्हणाली, "खुर्चीचं नाही, तुझं." आणि पिशवीतून टेप काढून माझीच मापं घ्यायला बसली. खुर्ची कशी निवडायची हे मला त्या अर्ध्या तासात कळलं, त्यानंतर सोसायटीतल्या आणि ऑफिसातल्या कितीतरी जणांबरोबर मी दुकानात जाऊन आलेय, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय.

आधी पाठीचं थोडं समजून घ्या, म्हणजे पुढची मापं कशासाठी ते लक्षात येईल. उभं असताना कंबरेच्या मणक्यांना आतल्या बाजूला एक छान बाक असतो. बसलं की ओटीपोटाचं हाड, म्हणजे ज्यावर आपण बसतो तो सगळा भाग, मागे कलंडतो, आणि तो बाक सपाट होतो, पोक काढून बसलं तर उलटाच होतो. मग दोन मणक्यांमधल्या गादीवर पुढच्या बाजूने दाब येतो आणि आतला मऊ भाग मागे ढकलला जातो, आणि मागे तर नसा असतात. दुसरी गोष्ट, मोठ्या माणसांच्या या गाद्यांना थेट रक्तपुरवठाच जवळपास नसतो, हालचालीने दाब कमी-जास्त होतो तेव्हा त्यांच्यात पोषण झिरपतं, त्यामुळे तासन् तास एकाच जागी दगडासारखं बसणं त्यांना मानवत नाही. १९६० च्या दशकात स्वीडनमधले डॉक्टर अल्फ नाकेमसन यांनी जिवंत माणसांच्या या गादीत सुई घालून दाब मोजला होता आणि उभं राहण्यापेक्षा बसताना तो जास्त भरला, "बसणं पाठीला वाईट" हे तिथपासून सगळीकडे झालं. पण १९९९ मध्ये जर्मनीत पुन्हा मोजलं तेव्हा एका माणसाच्या बाबतीत असं दिसलं की मागे टेकून आरामात बसलं तर दाब उभं राहण्यापेक्षा जास्त होतच नाही, तो वाढतो पुढे वाकून बसल्यावर, उभ्याच्या दीडपटीहून जास्त. एकाच माणसावरचं मोजमाप आहे, पण कुठल्याही पाठदुखीवाल्याला विचारा, अनुभव हाच आहे. म्हणजे खुर्चीचं काम एकच, तुम्हाला मागे टेकून बसता आलं पाहिजे आणि तरीही टेबलावरचं काम हाताशी आलं पाहिजे. ज्या खुर्चीत काम करायला पाठ सोडून पुढे यावं लागतं ती कितीही भारी असो, तुमची नाही.

आता मापं. शिंप्याची टेप हवी, सुताराची कडक टेप नको, आणि माप घ्यायला दुसरं कोणीतरी हवं. कडक बैठकीच्या स्टुलावर भिंतीला बूड टेकवून बसा, पाय जमिनीवर, घरात चप्पल घालत असाल तर घालूनच.

पहिलं, जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत. माझी उंची ५ फूट ३ इंच, माझं हे माप आलं ४१ सेंटिमीटर. खुर्चीची बैठक इतक्या खाली यायला हवी. बाजारातल्या बऱ्याच खुर्च्या खालीत खाली ४४-४५ लाच थांबतात, म्हणजे माझ्यासारखीचे पाय कायम टाचा उचलून. आईची उंची जेमतेम ५ फूट, तिचं आलं ३८.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं जे कोणीच बघत नाही, भिंतीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत, म्हणजे मांडीची लांबी. माझी ४५. खुर्चीच्या बैठकीची खोली याच्यापेक्षा चार-पाच सेंटिमीटर कमी हवी, म्हणजे मागे पूर्ण टेकून बसल्यावर बैठकीची कड आणि पोटरी यांच्यामध्ये दोन-तीन बोटं सहज गेली पाहिजेत. माझ्या त्या १४ हजारांच्या खुर्चीची बैठक ५० खोल होती! म्हणजे पाठ टेकवली तर कड गुडघ्यामागे रुतणार, तिथल्या शिरा आणि नसा दाबल्या जाणार, मुंग्या येणारच, आणि कड टाळायला पुढे सरकलं तर पाठ हवेत. मी दोन्ही आलटून पालटून करत होते. काही खुर्च्यांची बैठक पुढे-मागे सरकवता येते, सीट स्लायडर म्हणतात, घरात एकच खुर्ची आणि बसणारे दोघं असतील तर ही सोय असलेलीच घ्या, बाकी चार गोष्टी सोडा पण ही सोडू नका. माझा नवरा ५ फूट ११ आहे, त्याला माझ्या मापाची बैठक म्हणजे पाटावर बसल्यासारखं होतं.

तिसरं, बैठकीपासून कोपरापर्यंत, हात सैल सोडून कोपरात काटकोन करून. माझं २२. हे माप टेबलासाठी लागतं, त्याच्याकडे येतेच.

चौथं, बैठकीपासून कंबरेच्या सगळ्यात खोल बाकापर्यंत. टेपने अंदाज येत नसेल तर पाठीवरून हात फिरवा, कळतं. साडीच्या परकराची नाडी किंवा पँटचा बेल्ट जिथे येतो साधारण त्या उंचीला, माझं १७. खुर्चीच्या पाठीचा फुगवटा नेमका इथे यायला हवा. तो जर वर बरगड्यांना लागला तर तुम्हाला पुढे ढकलतो आणि तुम्ही आणखी पोक काढता, माझ्या खुर्चीची इलॅस्टिकवाली उशी हेच करायची. म्हणून फुगवटा वर-खाली करता येतो का बघा, किंवा सगळी पाठच वर-खाली सरकते का. नितंबांची रुंदीही घ्या, बैठक त्याहून दोन्हीकडे थोडी जास्त असली की झालं.

आता टेबल. आपल्याकडे डायनिंग टेबल, स्टडी टेबल, सुताराने करून दिलेलं टेबल, सगळी साधारण ७५ सेंटिमीटरची, अडीच फुटांची. माझं गणित बघा, बैठक ४१, त्यावर कोपर २२, झाले ६३. टेबल ७५. बारा सेंटिमीटरचा फरक! म्हणजे खुर्ची माझ्या पायाच्या मापाने ठेवली तर खांदे कानापर्यंत उचलून टाइप करायचं, आणि टेबलाच्या मापाने वर घेतली तर पाय लोंबकळणार. खुर्ची बदलूनही मान-खांदे दुखतच राहतात अशी तक्रार करणाऱ्यांच्या घरी मी गेले की आधी हे मोजते, आणि बहुतेक वेळा गोम इथेच असते. उपाय दोन. टेबल बुटकं करा, लाकडी टेबलाचे पाय सुतार कापून देतो, पण कायमचं कापण्याआधी दहा वेळा मोजा. नाहीतर खुर्ची वर घ्या आणि पायाखाली तेवढ्याच उंचीचं काहीतरी घन ठेवा. मी घरातला जुना लाकडी पाट घेतला आणि त्याला खालून दोन पट्ट्या ठोकून घेतल्या, बरोबर १२ सेंटिमीटर, खर्च जवळपास शून्य. पाऊल पूर्ण टेकलं पाहिजे, टेबलाखालच्या दांड्यावर टाच अडकवणं म्हणजे टेकणं नाही.

ही पाच आकड्यांची चिठ्ठी खिशात ठेवूनच दुकानात जा. शक्यतो सुट्टीच्या दिवशी नको, कारण एका खुर्चीत किमान पंधरा-वीस मिनिटं बसायचंय आणि गर्दीत कोणी तेवढं बसू देत नाही, आपल्यालाही ओशाळल्यासारखं होतं. मी दुकानदाराला सरळ सांगते, दादा, गादी सरकलेली आहे, बसून बघितल्याशिवाय घेणार नाही. आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. बसल्यावर फोन बघू नका, लॅपटॉप न्या आणि दुकानातल्याच टेबलावर ठेवून खरंच दोन मेल लिहा. दोन मिनिटांत प्रत्येक खुर्ची छान वाटते, मऊ तर जास्तच छान वाटते, दहाव्या मिनिटाला बूड जर खालच्या प्लायला टेकल्यासारखं वाटलं तर तो फोम सहा महिन्यांत बसणार. मोल्डेड, म्हणजे साच्यात ओतलेला फोम आहे की शीट कापून लावलाय विचारा, मोल्डेड टिकतो. घनता घनमीटरला ४० किलोच्या वर सांगितली तर चांगलं, पण शेवटी बूड सांगेल ते खरं.

मग मागे रेला. साध्या खुर्च्यांत सगळी खुर्चीच झोपाळ्यासारखी मागे जाते आणि पाय जमिनीवरून सुटतात, त्याला सेंटर टिल्ट म्हणतात, कामाला उपयोगाची नाही. सिंक्रो मेकॅनिझम असेल तर पाठ जास्त मागे जाते आणि बैठक थोडीशीच, पाय टेकलेले राहतात. खाली एक गोल नॉब असतो, तो फिरवून आपल्या वजनाप्रमाणे पाठीचा जोर कमी-जास्त करता येतो, हा नॉब बहुतेकांनी वर्षानुवर्षं हातही लावलेला नसतो! माझं वजन ५४ किलो, कारखान्यातून आलेल्या सेटिंगवर मला खुर्ची मागे ढकलतासुद्धा येत नव्हती. पाठ आणि मांडीत १०० ते ११० अंशांचा कोन येऊ दे, शाळेत बाई सांगायच्या तसं काटकोनात ताठ बसायची काही गरज नाही, तसं कोणी अर्धा तासही टिकत नाही आणि दमलं की धाडकन पोकच निघतो.

हाताच्या दांड्या वर-खाली होणाऱ्या हव्यात, कोपराच्या उंचीला. त्या जर टेबलाच्या कडेला अडत असतील तर तुम्ही टेबलाजवळ जाऊच शकत नाही, मग पुढे वाकता. तशी असेल तर अ‍ॅलन कीने काढून टाका, दांडीशिवायची खुर्ची चालते, अडणारी दांडी चालत नाही. मानेच्या टेक्यावर जास्त पैसे घालू नका, टाइप करताना डोकं तिथे टेकत नाही.

बाकी पटकन सांगते. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा जाळीची पाठ फार बरी, बैठक मात्र मला फोमचीच आवडते, स्वस्त जाळीची बैठक वर्षभरात मधे झोळी होते आणि कडेचा सांगाडा मांडीला लागतो. लेदरसारखं दिसणारं रेक्झिन टाळा, दोन-तीन पावसाळ्यांतली दमट हवा लागली की पोपडे सुटतात आणि काळे कण घरभर. फरशी व्हिट्रिफाइड असेल तर चाकं मऊ पीयूची (पॉलियुरेथेन, रबरासारखं असतं) घ्या, कडक नायलॉनची सटकतात आणि पाय रोवून बसायच्या नादात पुन्हा पुढे सरकणं आलं. हायड्रॉलिक, म्हणजे तो वर-खाली होणारा गॅसचा दांडा, क्लास फोर मिळाला तर जाड आणि भक्कम असतो. बिफमा सर्टिफिकेट दाखवतात, ते अमेरिकेतल्या फर्निचर कारखानदारांच्या संघटनेचं मानक आहे, खुर्ची मोडणार नाही, कलंडणार नाही याच्या चाचण्या त्यात असतात, असलं तर चांगलंच, पण ती तुमच्या मांडीला बसते की नाही हे त्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

पैशांचं म्हणाल तर माझी आताची खुर्ची जुनी आहे. हिंजवडी, खराडी, बाणेरच्या कंपन्या ऑफिस हलवतात नाहीतर बंद करतात तेव्हा खुर्च्या गठ्ठ्याने विकल्या जातात आणि सेकंडहँड ऑफिस फर्निचरच्या गोडाऊनमध्ये येतात, नवीन जिची किंमत पंचवीस-तीस हजार ती मला साडेसात हजारांत मिळाली, सीट स्लायडरसकट. जुनी घेताना पूर्ण वर करून बसा आणि पाच मिनिटांत ती हळूहळू खाली येतेय का बघा, येत असेल तर हायड्रॉलिक गेलंय (बदलून मिळतं, पण मग भावात तेवढे कमी करून घ्या). उलटी करून खालच्या पाच फाट्यांच्या पायाला तडे आहेत का बघा, नायलॉनचा असेल तर नीटच बघा. बैठकीचा फोम अंगठ्याने दाबून बघा, खड्डा तसाच राहिला तर सोडा. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातही खुर्च्या दिसतात, पण तिथे निवांत बसून बघता येत नाही, मी तरी पाठीच्या बाबतीत ती जोखीम घेणार नाही.

आणि लॅपटॉप. खुर्ची कितीही मापात असली तरी लॅपटॉपची स्क्रीन खाली असते आणि मान तिच्यामागे जाते, मानेमागे पाठ. लॅपटॉपखाली जाड पुस्तकं घाला, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा, कीबोर्ड आणि माउस वेगळे घ्या, हजार-बाराशेत दोन्ही येतात. ज्यांचं खुर्चीचं बजेट आत्ता नाही त्यांनी या महिन्यात निदान एवढं करा आणि घरातल्याच खुर्चीवर टॉवेलची गुंडाळी करून कंबरेच्या आपापल्या चौथ्या मापावर (माझं १७) बांधा, फरक त्याच दिवशी कळतो.

खाली बसून काम करणाऱ्यांना विसरून चालणार नाही, आपल्याकडे निवडणं-टिपणं, पूजा, मुलांचा अभ्यास सगळं खालीच. मांडी घालून बसल्यावर गुडघे कंबरेच्या वर राहत असतील तर तोच बाक सपाट होतो, म्हणून बुडाखाली घोंगडीची जाड घडी घ्या, गुडघे कंबरेच्या खाली आले की पाठ आपोआप सरळ होते. पुण्याच्या मॉडेल कॉलनीत १९७५ पासून अय्यंगारांची योग संस्था आहे, त्या पद्धतीत वर्षानुवर्षं हेच करतात, घडी घातलेलं ब्लँकेट बैठकीखाली, आणि साधी लोखंडी घडीची खुर्चीसुद्धा आसनांसाठी वापरतात.

खुर्ची कितीही चांगली असली तरी अर्ध्या-पाऊण तासाने उठाच. मी पाण्याचा तांब्या मुद्दाम स्वयंपाकघरात ठेवते. आणि धायरीहून हिंजवडीपर्यंत खड्ड्यांतून टू व्हीलरवर जाऊन आल्या आल्या परत तीन तास बसू नका, आधी दहा मिनिटं चाला. दुखणं पायात खाली उतरत असेल, पाऊल बधिर होत असेल, तर खुर्च्या शोधत बसू नका, ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा, आणि लघवी-शौचावरचा ताबा गेल्यासारखं वाटलं किंवा मांड्यांच्या मधल्या भागाला स्पर्श कळेनासा झाला तर त्याच तासाला हॉस्पिटल गाठा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

आईचं राहिलं. ती तीस वर्षं पायमशीनवर स्टुलावर बसून शिवतेय, मागे टेका नाही आणि सुईकडे बघायला सतत पुढे वाकलेली. माझी मापं झाल्यावर मी तिच्या हातातून टेप घेतली आणि तिची घेतली, आधी नको नको म्हणाली. मशीनला चाकाची खुर्ची चालत नाही, पायडल मारताना मागे पळते, म्हणून बिनचाकांची, कमी खोल बैठकीची खुर्ची शोधली, ३७ खोल, पाठ बुटकी म्हणजे हात मागे-पुढे करताना अडत नाही. मशीनच्या मागच्या दोन पायांखाली दोन सेंटिमीटरच्या लाकडी चकत्या घातल्या, त्याने पाटा तिच्याकडे किंचित उतरता झाला आणि सुई बघायला तिला तेवढं कमी वाकावं लागतं. सुई उजेडात यावी म्हणून खिडकीकडे तोंड केलं. पहिल्या आठवड्यात ती दर दिवशी फोन करून सांगायची, आज टेका जरा वर वाटतोय, आज बरा वाटतोय, आणि रविवारी जाऊन मी तो बोटभर खाली घेतला. तुम्हीही नवी खुर्ची पहिले आठ-दहा दिवस अशीच रोज थोडी थोडी जुळवत राहा, आणि महिन्याने सगळे स्क्रू एकदा आवळून घ्या, सुरुवातीला ते ढिले होतातच.